गतकुळाचे थळ

आमच्यापैकी एकाच्या गावी, पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, ओढ्याच्या वरच्या अंगाला चार एकरांचा एक तुकडा आहे. गट नंबर आहे तो कागदोपत्री. घरात मात्र तो तुकडा एका नावानेच ओळखला जातो. 'अमक्यात नांगर घातला', 'अमक्यात यंदा बाजरी' असे बोलणे निदान तीन पिढ्या चालत आले आहे. हे 'अमके' कोण, असा प्रश्न कुणाला पडला नाही. शेतांना नावे असतातच. एखाद्याला बाभळीवरून, एखाद्याला खडकावरून, तसेच हेही असेल, अशी समजूत होती. ते नाव म्हणजे एक आडनाव आहे, आणि त्या आडनावाचे एकही घर आज गावात नाही, हे आमच्या लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली.

त्याच घरात एक वंशावळही आहे. आजोबांनी शाईने वहीत उतरवलेली. शिरोभागी मूळपुरुष, त्याखाली त्याचे मुलगे, नातू, पणतू. मूळपुरुषाविषयी घरात सांगितली जाणारी कथा अशी की त्याने रान तोडले, पहिला नांगर धरला आणि गाव वसवले. आम्ही या कामाला हात घातला तो ही वंशावळ आणखी दोन-तीन पिढ्या मागे नेता येते का, एवढेच पाहण्यासाठी. निष्पन्न झाले ते वेगळेच: वंशावळ आणि शेताचे नाव ही दोन्ही एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते. त्या शोधाची ही हकीकत. घराण्याचे आणि गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. अशा कथा महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि आमचा प्रश्न एका घरापुरता नाही.

प्रथम थोडे जमिनीविषयी. दख्खनच्या गावात पेशवाईअखेरपर्यंत शेतकरी मुख्यतः दोन प्रकारचे होते, मिरासदार आणि उपरी. 'मिरास' हा शब्द अरबी. त्याचा अर्थ वारसा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची असे. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई, आणि तो सारा भरीत असेतो ती त्याच्याकडून काढून घेणे रूढीला धरून नसे. दुष्काळाने किंवा स्वारीशिकारीने तो परागंदा झाला, तरी पुष्कळ वर्षांनी परत येऊन आपली मिरास मागण्याचा त्याचा हक्क गाव मानीत असे. उपरी मात्र नावाप्रमाणे वरून आलेला. तो कराराने जमीन कसे आणि करार संपला की पुढच्या गावी जाई.

मिरासदारांच्या जमिनीचे मोठे विभाग म्हणजे थळे, आणि थळांचे तुकडे म्हणजे ठिकी. थळाला त्याच्या मूळ घराण्याचे नाव असे. पुढे ते थळ भावाभावांत वाटले गेले, त्याचा हिस्सा विकला गेला, इतकेच काय, ते घराणे नामशेष झाले, तरी थळाचे नाव बदलत नसे. ज्या घराण्याचा वंश उरला नाही किंवा जे कायमचे निघून गेले ते 'गतकुळ', आणि त्याची जमीन गतकुळी. कोणते थळ कोणाचे, त्यात तक्षिमा किती, त्या आज कोण खातो, याची गावनिहाय यादी म्हणजे थळझाडा. महाराष्ट्रातल्या ग्रामीण घराण्यांचा शोध घेणाऱ्याला याहून मोलाचा कागद मिळणे कठीण.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर नव्या राज्यकर्त्यांना हे सारे समजून घेणे भाग पडले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात मिरासदारांची दखल घेतली. त्याच सुमारास थॉमस कोट्स या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाचे, म्हणजे आजच्या लोणीकंदचे, बारकाईने वर्णन लिहिले. ते १८२३ साली छापले गेले. त्याच गावात सुमारे सव्वाशे वर्षांनी जाऊन गो. स. घुर्ये यांनी पुन्हा पाहणी केली आणि १९६० साली पुस्तक लिहिले. विल्यम साइक्सचा दख्खनच्या जमीनधारणेवरील निबंध १८३५ सालचा; थळ, गतकूळ आणि थळझाडा या तिन्हींची चर्चा त्यात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. पुढे अ. रा. कुलकर्णी आणि जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी मूळ मराठी कागदांच्या आधारे ही व्यवस्था उलगडून दाखवली. फुकाझावा दाखवतात की गतकुळी जमीन नव्या माणसाला मिरास म्हणून देण्याची रीतसर पद्धत होती. पाटील आणि गावकरी पैसे घेऊन मिरासपत्र लिहून देत. पुढे सरकारही त्यात आपला अधिकार सांगू लागले.

आता आमच्या घरातला कागद. माळ्यावरच्या एका रुमालात इतर कागदांबरोबर तो बांधलेला होता. मोडी आम्ही चाळिशीनंतर, सुट्टीच्या वर्गात बसून शिकलो. त्यामुळे वाचायला आठ-दहा दिवस लागले. ती गावच्या थळझाड्याची नक्कल निघाली. एकोणिसाव्या शतकात भाऊबंदांशी वाटणीचा तंटा पडला तेव्हा पुरावा म्हणून ती काढून घेतलेली असावी, असे बरोबरच्या कागदांवरून दिसते. तीत आमच्या शेताचे नाव थळाचे नाव म्हणून आले होते. थळ त्या आडनावाचे, शेरा गतकुळीचा, आणि त्यातली एक तक्षीम आमच्या 'मूळपुरुषा'च्या नावे. म्हणजे ज्याने रान तोडून गाव वसवले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, तो कुणीतरी आधीच तोडलेल्या रानात, कुणीतरी सोडून गेलेल्या शेतात येऊन राहिलेला माणूस होता. आणि हा कागद घराण्याने शंभरांहून अधिक वर्षे जपून ठेवला होता, कारण भाऊबंदांविरुद्ध तो उपयोगाचा होता. आपल्याच कथेविरुद्ध तो काय सांगतो, हे वाचायचे कारण कुणाला पडले नव्हते.

मग आमच्या मनात स्वाभाविकच आले की खरे मूळचे ते गतकूळ. पण ते तरी मूळचे कशावरून?

ग्रँट डफने १८२६ सालच्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात एक हकीकत दिली आहे. दुर्गादेवीच्या दीर्घ दुष्काळाने देश ओसाड झाला होता. १४२९ साली बहामनी दरबाराने मुलूख पुन्हा लावण्याची व्यवस्था केली, आणि दादू नरसू नावाच्या अधिकाऱ्याने खटाव देश व माणदेशाचा काही भाग वसवला. जुन्या गावांच्या शिवा कुणालाच आठवत नव्हत्या. तेव्हा त्याने नव्या शिवा बऱ्याच वाढवून घातल्या आणि दोन-दोन, तीन-तीन गावांचे एक गाव केले. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्याला तोबराभर धान्य. या हकीकतीतले तपशील किती काटेकोर आहेत, हा इतिहासकारांचा प्रश्न. आमच्या दृष्टीने तिच्यातला एक धागा महत्त्वाचा आहे: वसाहत करणाऱ्यांना आधीच्या वसाहतीच्या शिवा आठवत नव्हत्या. ज्यांना आपण आद्य वसाहतकार म्हणतो, ते एका विस्मरणावर गाव बांधीत होते.

दोनशे वर्षांनी पुणे प्रांतात तेच घडले. आदिलशाही स्वारीत पुणे उद्ध्वस्त झाले आणि १६३० च्या दुष्काळाने उरलेसुरले मोडले. शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जी लावणी केली तिचे साधन होते कौल आणि इस्तावा. कौल म्हणजे अभयाचे आणि सवलतीचे वचन. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो वर्षावर्षाने चढवीत पूर्ण धाऱ्याला आणणे. कौल ऐकून जे आले त्यांत परत आलेले मिरासदार होते, तसेच प्रथमच आलेले परमुलखातले लोकही होते. काही वर्षांत दोघेही सारखेच जुने दिसू लागले असणार. दख्खनच्या गावाला एक आरंभ नाही, अनेक आरंभ आहेत. आणि दर आरंभाच्या वेळी कुणीतरी मूळपुरुष होतो, कुणीतरी गतकूळ.

घराण्याच्या इतिहासाची साधने निर्माण कशी झाली, हाही प्रश्न येथेच विचारायला हवा. आमच्या पूर्वजांना इतिहास लिहायचा नव्हता. त्यांना तंटा जिंकायचा होता. महजर म्हणजे गोतसभेने तंट्याचा निवाडा करून दिलेला लेख. त्यावर पाटलाची नांगराची निशाणी, कुलकर्ण्याची दौत-लेखणी, बलुतेदारांची ज्याच्या त्याच्या धंद्यातल्या हत्याराची. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा आपला ग्रंथ (१९५३) प्रामुख्याने अशाच कागदांवर उभा केला. करीना हाही तशाच गरजेतून आलेला प्रकार. वादी आपल्या घराण्याची हकीकत पहिल्यापासून सांगतो: मूळ वतन कुणी संपादन केले, कुणी मारले गेले, कोण लहान राहिले, कुणी बळकावले. रोहिडखोऱ्यातील कारीच्या जेध्यांचा करीना शिवकालाचे साधन म्हणून प्रसिद्ध आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे मराठीतले एक कुटुंबकथन म्हणूनही पाहायला हवे. निवेदकाला काय सिद्ध करायचे आहे ते ठाऊक असले की त्याच्या कथनातली प्रत्येक निवड बोलू लागते.

म्हणून घराण्याचा कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे याच्या आधी तो कुणाविरुद्ध लिहिला आहे हे पाहावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. वतनाच्या कागदांत 'बिरादर भाऊ' भेटतो. अडचणीत सापडलेला वतनदार परक्या माणसाकडून पैसा घेऊन त्याला वतनात हिस्सा देई आणि त्याला आपला भाऊ करून घेई. दोन-तीन पिढ्यांनी ही दोन्ही घरे एकाच मूळपुरुषाची लेकरे म्हणून सांगितली जाऊ लागली, तर नवल नाही. वंशावळीतल्या उभ्या रेषा रक्ताच्या आणि आडव्या रेषा व्यवहाराच्या, असा भेद करता आला असता तर काम सोपे झाले असते. प्रत्यक्षात दोन्ही रेषा एकाच शाईने काढलेल्या असतात.

कागदाबाहेरच्याही काही खुणा आहेत. पहिली आडनावाची. 'कर' प्रत्ययाचे आडनाव माणूस गावात असेतो सहसा पडत नाही. गाव सुटल्यावर गावाचे नाव मागे लागते. तेव्हा असे आडनाव आपण कोठले हे जितके सांगते, तितकेच आपण कोठे राहिलो नाही हेही सांगते. दुसरी खूण कुलदैवताची. घर एका खोऱ्यात आणि कुलदैवत चार मजलांवर दुसऱ्या खोऱ्यात, हे अंतर पुष्कळदा स्थलांतराची वाट दाखवते. धनगरांच्या देवांचा आणि त्यांच्या वाटांचा संबंध गुंथर सोन्थायमर यांनी दाखवून दिला आहे. भक्ताच्या मागे देव येतो आणि गावाच्या शिवेवर वस्ती करतो, या कथांमागे माणसांचे चालणे आहे. तिसरी खूण हेळव्याच्या पोथीची. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांत हेळवी पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या घरी येतात, वंशावळ वाचून दाखवतात, नव्या जन्मांची नोंद करून घेतात आणि दक्षिणा घेऊन जातात. ही पोथी घराबाहेरच्या माणसाजवळ असते हे तिचे बळ. पण तिचे पोट घराच्या दक्षिणेवर असते, हीही गोष्ट विसरता येत नाही.

उत्तर कोकणाच्या वसाहतीची कथा सांगणारी 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. राजा बिंब आणि त्याच्याबरोबर आलेली कुळे यांची ही हकीकत घराण्यांच्या इतिहासाचा शोध घेणारे आजही चाळतात. अशा याद्या वाचताना आमची नजर आता यादीत नसलेल्यांकडे जाते. कुळे 'आली' म्हणजे ती जागा मोकळी होती काय?

थळझाड्यातही ज्यांना थळ नाही अशी माणसे आहेतच. बायका आहेत त्या बहुधा विधवा म्हणून, लहान मुलाच्या वतीने बोलणाऱ्या. आमच्या वहीतल्या वंशावळीत तर एकाही स्त्रीचे नाव नाही. पण जमीन दुसऱ्या घराकडे का गेली, याचे उत्तर अनेकदा तिच्याच आयुष्यात असते. दुसरे महार. गावची शीव कोणती, याचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार महार मानला जाई. शिवेच्या तंट्यात शपथ घेऊन शिवेवरून चालण्याचे काम त्याच्याकडे येई. गावाचा नकाशा ज्याच्या पायात होता, त्याच्या वाट्याला हाडकी-हाडोळ्याचा इनामी तुकडा आणि अहोरात्र राबणूक. त्याचेही वतन वंशपरंपरेचे होते, आणि म्हणूनच ते सुटत नव्हते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले, ते या बंधनातून सोडवणूक व्हावी म्हणून. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. एका घराला वंशावळ म्हणजे हक्काचा दाखला आणि दुसऱ्या घराला तीच पिढीजात राबणुकीची नोंद. ग्रामीण घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने या दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

थळांची नावे कागदावरून गेली ती इंग्रजी मोजणीत. १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली आणि हळूहळू मुंबई इलाखाभर पसरली. प्रत्येक शेताला नंबर आला, प्रत्येक नंबराला आकार ठरला. सारा भरणारा तो खातेदार, मग तो मिरासदार असो की उपरी. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. आजचा सातबारा आणि फेरफार तिचेच वंशज. उपऱ्याला या बदलाने पायाखाली जमीन मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण शेताच्या पोटात गेलेले घराणे नंबरात मावणारे नव्हते. ते उरले बोलण्यात, 'अमक्यात बाजरी पेरली' या वाक्यात.

पूर्वजांचे कागद शोधण्याची गरज अजूनही हक्काच्या प्रश्नातूनच निर्माण होते. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. धूळ खात पडलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, जुनी महसुली पत्रके बाहेर निघाली. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करायची नाही. त्या निमित्ताने हजारो घरांनी प्रथमच आपल्या खापरपणजोबाचे नाव कागदावर पाहिले, आणि ज्या एका शब्दासाठी कागद उघडला तो सापडताच तो पुन्हा मिटला, एवढेच नोंदवायचे आहे. उरलेल्या ओळींत काय होते?

आमच्या कागदातल्या उरलेल्या ओळी आम्ही गेल्या दिवाळीत घरच्या वडीलधाऱ्या चुलत्यांना वाचून दाखवल्या. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. वंशावळीची वही त्यांच्याच कपाटात असते. त्यांना राग येईल, असे आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, थळाचे नाव पुन्हा एकदा म्हणायला लावले आणि विचारले, "मग ती माणसं गेली कुठं?"

याचे उत्तर थळझाड्यात नाही. दुष्काळात मेली असतील, घाटाखाली उतरली असतील, दुसऱ्या गावी उपरी म्हणून राहिली असतील. कदाचित तेथे कुणाच्या तरी गतकुळी थळावर मिरास घेऊन मूळपुरुषही झाली असतील आणि त्यांच्या नातवंडांच्या वहीतही रान तोडल्याची कथा असेल. आम्ही एवढेच करू शकलो. वंशावळीच्या नव्या प्रतीत मूळपुरुषाच्या वर एक ओळ मोकळी ठेवली आणि तीत ते आडनाव लिहिले. नाते काय म्हणून लिहायचे, यावर बराच वेळ गेला. शेवटी चुलत्यांनीच सुचवले, "ज्यांच्या थळावर आपण आहोत ते, असं लिहा." तसे लिहिले आहे.